मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन

हेरन कोव्ह, मेन
१४ एप्रिल

प्रिय आल्डन,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला आवडत नाही. ई-मेल म्हणजे आपल्याविरुद्ध कोर्टात वापरायला आपणच लिहून दिलेला पुरावा, असं तू म्हणतोस. म्हणून हे पत्र.

कूम्ब्सांचं समुद्रावरचं घर विकलं गेलं. नवे मालक कुणी स्टॅनविक, कनेक्टिकटचे. एकटेच राहतात. बायको वारली की सोडून गेली ते पोस्टातल्या बाईंनाही अजून कळलेलं नाही, यावरून माणूस किती घुमा आहे ते समज. तर या गृहस्थाने आल्याआल्या काय केलं असेल? घराच्या भिंतीपासून थेट पाण्यापर्यंत जाड दोरी बांधली आणि पाटी लावली : 'खाजगी किनारा'.

काल ओहोटी सकाळी नऊला होती. मी नेहमीसारखी वर्तमानपत्र काखेत मारून नेव्हाकडे निघाले. दोरीखालून वाकले, तर हा वरच्या ओट्यावरून म्हणतो, "बाई, ही जागा माझी आहे."

मी म्हटलं, "घर तुमचं आहे. वाळू समुद्राची आहे."

"ओहोटीच्या रेषेपर्यंत माझी आहे. कागद दाखवू?"

मी म्हटलं, "तुमचे कागद ओले होतील," आणि पुढे गेले. 

एक्केचाळीस वर्षं मी त्या वाळूवरून चालतेय. नेव्हा बीलचं घर खाडीच्या पलीकडच्या टोकाला, किनाऱ्याने पंधरा मिनिटं. रस्त्याने तीन मैल, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, आणि लाकडाचे ट्रक अंगावरून जातात. नेव्हाला आता फक्त उजेड आणि सावली दिसते. मी वर्तमानपत्र वाचून दाखवते तेवढंच तिचं जग. तू न्यायाधीश होतास. या माणसाला कोणत्या कायद्याने गप्प करायचं ते कळव.

तुझी,
डोरा


वेबर क्रॉसिंग, नेब्रास्का
२३ एप्रिल

प्रिय डोरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा भाऊ म्हणून आणि एकदा सव्वीस वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस म्हणून. भावाला वाईट वाटलं. खुर्चीवरच्या माणसाचं म्हणणं असं, की तुझा तो स्टॅनविक बरोबर आहे.

बहुतेक राज्यांत भरती-ओहोटीच्या मधली वाळू सगळ्यांची असते. आपलं मेन निराळं. सोळाशे चाळीसच्या सुमारास, मेन जेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या पदराखाली जायचं होतं, तेव्हा तिथल्या वसाहतवाल्यांनी एक फर्मान काढलं : ओहोटीपर्यंतची जमीन किनाऱ्याच्या मालकाची. जनतेने तिथे तीनच गोष्टींसाठी यावं. मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन. ते फर्मान आजही चालतं. चालणं त्यात नाही. बसणं नाही. वर्तमानपत्र नेणं तर नाहीच.

त्यावर तुमच्याकडची कोर्टं वर्षानुवर्षं डोकं फोडतायत. समुद्रातलं शेवाळ कापणं ही मासेमारी नव्हे असा निकाल झाला. पाण्यात बुडी मारायला निघालेल्या माणसाने मात्र वाळू ओलांडली तर चालतं, असाही झाला. तुझ्यासारखीला उपयोगी पडेल असं मला काही आढळलं नाही.

तेव्हा वाद घालू नकोस. रस्त्याने जा, कुणाच्या तरी गाडीतून जा. आणि एक लक्षात ठेव. दोरी बांधणारा प्रत्येक माणूस दुष्ट नसतो. त्यालाही काही कारणं असतात, काही हक्क असतात. लोक फार लवकर त्याला राक्षस ठरवतात.

तुझा,
आल्डन


हेरन कोव्ह
५ मे

प्रिय आल्डन,

त्र्याहत्तराव्या वर्षी मी रबरी पोशाख चढवून बुडी मारायला निघाले, तर गुन्हा नाही. नेव्हाला बातम्या वाचायला निघाले, तर गुन्हा. बरं.

तुझं पत्र नेव्हाला वाचून दाखवलं. (शेजाऱ्यांच्या गाडीतून गेले होते. त्यांना पुन्हा पुन्हा विचारायला मला जड जातं.) ती इतकी हसली की कॉफी ब्लाउजवर सांडली. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं, मग लेस्टरची काठी कुठे गेली?"

मला विधवा होऊन नऊ वर्षं झाली, पण लेस्टरची मासे धरायची काठी गॅरेजमध्ये होती तशीच होती. दुसऱ्या दिवसापासून मी ती खांद्यावर टाकून निघते. राज्याच्या यादीत मासेमार म्हणून नावही नोंदवून आले, कारण तू तेच विचारणार हे मला माहीत होतं. काठीला दोरा आहे, गळ नाही. कुठल्या माशाने माझं वाकडं केलंय?

पहिल्या दिवशी स्टॅनविक ओट्यावरून म्हणाला, "काय धरताय?"

"अजून काही नाही," मी म्हटलं.

"तुम्ही थांबतच नाही आहात. नुसत्या चालताय."

"मासे पुढे आहेत."

ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. आता ओहोटीला आम्ही नऊ जणी असतो, प्रत्येकीच्या हातात काठी. चर्चचे पाद्रीसाहेब दुर्बीण आणि लाकडी बदक घेऊन येतात. ते पक्ष्यांच्या शिकारीत. फर्नाल्ड म्हातारा तर एक छोटी होडी दोरीने वाळूवरून ओढत नेतो आणि वाटेत भेटेल त्याला सांगतो, "माझं नौकानयन चाललंय." शनिवारी स्टॅनविकने पडदे ओढून घेतले.

कायदा समजावून सांगितल्याबद्दल आभार. तुझ्यामुळेच हे सुचलं.

डोरा


वेबर क्रॉसिंग
१६ मे

प्रिय डोरा,

यात माझं नाव घेऊ नकोस. मी असलं काहीही सुचवलेलं नाही, आणि हे पत्र त्याचा पुरावा म्हणून जपून ठेव.

ही शुद्ध सोंगबाजी आहे. काठी घेतली की मासेमारी होत नाही. शब्दाचा अर्थ तू आणि नेव्हा कॉफी पीत ठरवत नसता, कोर्ट ठरवतं. ओहायोत अलीकडेच एका माणसाच्या घशात बिनहाडाच्या चिकनमधलं हाड अडकलं. तो बिचारा तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालय म्हणालं, 'बिनहाडाचं' ही शिजवायची पद्धत आहे, हाड नसल्याची हमी नव्हे. आता तूच सांग. जिथे बिनहाडाच्या चिकनमध्ये हाड चालतं, तिथे तुझी बिनगळाची मासेमारी का चालू नये, असं तुला वाटेल. पण ते न्यायालय त्या माणसाच्या विरोधात गेलं. शब्दांवर भरवसा ठेवणारा नेहमी घशात हाड घेऊन घरी जातो.

स्टॅनविकला त्रास देणं थांबवा. आपल्याच घरात पडदे ओढून बसायची वेळ येणं काय असतं, याची तुम्हा नऊ जणींना कल्पना नाही.

आल्डन

(पाकिटाच्या मागे, निळ्या पेन्सिलीने, आल्डनच्या बायकोच्या अक्षरात :)
डोरा, टपाल टाकायला मी जाते म्हणून हे लिहिता आलं. त्याला पूर्वेकडच्या फाटकाबद्दल विचार. — इर्मा


हेरन कोव्ह
२७ मे

प्रिय आल्डन,

घाईत आहे. स्टॅनविकने दावा लावला. नऊ जणींवर नाही, पाद्रीसाहेबांवर नाही, फक्त माझ्यावर. कागद घेऊन आलेला शेरीफचा माणूस माझा जुना विद्यार्थी निघाला, तिसरीत मीच त्याला वाचायला शिकवलं. बिचारा खाली मान घालून कागद देत होता. मी त्याला मोठ्याने वाचायला लावलं. 'बेकायदा प्रवेश' नीट वाचलं त्याने.

सुनावणी १० जूनला. कायदा-मदतीच्या कचेरीतून एक वकीलबाई मिळाल्यात.

तुला येता येईल का? मला तू शेजारी बसलेला हवा आहेस. बोलू नकोस, नुसता बस.

आणि पूर्वेकडचं फाटक म्हणजे काय?

डोरा


वेबर क्रॉसिंग
४ जून

डोरा,

हे पत्र माझं आहे, इर्माचं. तुझं पत्र वाचून तो उठला आणि शतावरीच्या वाफ्यात जाऊन बसला. तो येणार नाही. येऊ शकत नाही, कारण ११ जूनला त्याचीच सुनावणी आहे.

आमच्या घरामागून पोस्टाकडे जाणारी पायवाट तुला आठवत असेल. अर्ध्या गावाची ती जवळची वाट. मार्चमध्ये त्याने पूर्वेच्या टोकाला फाटक बसवलं, कुलूप लावलं, आणि वर दोरीही बांधली. म्हणाला, लोक शतावरी तुडवतात. एका जागी तुडवली होती, ती त्याने स्वतःच, मी पाहिलंय. शेजारच्या ओटो क्रालने पंचवीस वर्षांच्या वहिवाटीचा दावा लावला. अर्ध्या गावाने त्यावर सह्या केल्या. आमचा दंतवैद्यही त्यात आहे, म्हणून आल्डन दाढ दुखत असून जात नाही.

का केलं, ते तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्षभर लोक त्या वाटेवर थांबून त्याला काहीबाही विचारायचे. कुंपण कुणाचं, झाड कुणाचं, मृत्युपत्र कसं करायचं. मग हळूहळू नुसते हात हलवून जायला लागले. मग हातही नाही. तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या पायरीवर बसायचा आणि लोक फोनकडे बघत समोरून निघून जायचे.

आता दावा लागल्यापासून बघ. रोज कुणीतरी दार वाजवतं आणि तावातावाने भांडतं. जेवणाच्या टेबलावर कागदांचा ढीग आहे, आम्ही ओट्याशी उभं राहून जेवतो. इतका खूश तो तीन वर्षांत नव्हता. त्याचंच मला भय वाटतं.

मी सांगितलं हे त्याला सांगितलंस तरी चालेल.

इर्मा


हेरन कोव्ह
१२ जून

आल्डन,

तुझ्या सुनावणीचं काय झालं ते मी विचारणार नाही. माझ्या सुनावणीचं सांगते.

न्यायाधीश बाई होत्या, चाळिशीच्या आतल्या, केस नीट बांधलेले. स्टॅनविकच्या वकिलाने एक तास फर्मान वाचलं. मग माझी पाळी आली. शपथ घेतली. न्यायाधीशबाईंनी स्वतःच विचारलं, "मिसेस थर्लो, त्या सकाळी तुम्ही मासे धरत होतात का?"

आमच्या वकीलबाईंनी मला तीनदा बजावलं होतं की 'मासे मिळावेत या आशेने चालले होते' एवढंच म्हणा. पण मी बायबलवर हात ठेवला होता.

मी म्हटलं, "नाही. मी नेव्हाला वर्तमानपत्र वाचायला चालले होते. काठी घेतली की सोडतात, म्हणून काठी."

"गळ होता का?"

"नव्हता. माशांशी माझं काही वैर नाही."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर फर्नाल्ड म्हातारा "अरे देवा" म्हणाला, आणि त्याला बाहेर काढलं. न्यायाधीशबाईंनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या की वरच्या न्यायालयाने पूर्वीच ठरवून दिलंय आणि त्या त्याने बांधलेल्या आहेत. चालणं हा हक्क नाही. मी खरोखर मासे धरत असेन तरच त्या वाळूवर पाय ठेवायचा. "मला हे सांगताना आनंद होत नाही," असंही म्हणाल्या. मला त्या आवडल्या.

हरले. कायद्याबद्दल तू पहिल्या दिवसापासून बरोबर होतास. पण तू मला दोरीवाल्याची कारणं समजावून सांगत होतास ना, ती स्टॅनविकची नव्हती. तुझी होती. तुझ्या स्वतःच्या बहिणीने वकिली सल्ला मागितला आणि तू तिला दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सही करून, टपालाने पाठवलंस. तुझ्या भाषेत याला काहीतरी नाव असेल. कोर्टात असं कुणी केलं असतं तर तू त्याची सनद काढून घेतली असतीस.

अकरा वर्षं तू इकडे फिरकला नाहीस, ते मी मनावर घेतलं नाही. हे घेतलंय. यापुढे तुला मी काही विचारणार नाही.

डोरा


वेबर क्रॉसिंग
२८ जुलै

प्रिय डोरा,

सहा आठवडे हे पत्र लिहितोय. आधीची चार फाडली. त्यांत युक्तिवाद होते.

मी जिंकलो. वीस वर्षांपूर्वी मीच त्या वाटेवर 'खुशाल जा' अशी पाटी लावली होती, तिचा फोटो इर्माच्या अल्बममध्ये सापडला. ज्याला परवानगी दिलीय त्याला वहिवाटीचा हक्क मिळत नाही, हा साधा कायदा. ओटोच्या वकिलाला तो माहीत नव्हता. पंधरा मिनिटांत संपलं. मी घरी आलो, शर्ट बदलला आणि पायरीवर बसलो.

कुणी आलं नाही. भांडायलाही नाही. निकाल लागला होता, मग भांडणार कशावर? आठवडाभर त्या वाटेवर मी फक्त एक ससा पाहिला.

मग मी कुलूप काढलं. दोरी कापली. तरी कुणी येईना. ओटोकडे गेलो. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "जजसाहेब, कोर्टाचा हुकूम आहे. आम्ही कायदा पाळणारी माणसं."

मी म्हटलं, "ओटो, मी सांगतोय ना, जा."

"लेखी द्या."

मी तीन पानांचं परवानापत्र तयार केलं. इर्माने ते वाचलं, चुलीत टाकलं आणि एका ओळीचं लिहिलं : 'कृपा करून इकडून जात जा.' त्यावर माझी सही घेतली. ती चिठ्ठी घेऊन मी सतरा घरं फिरलो. दंतवैद्याने आधी दाढ काढली, मग चिठ्ठी वाचली. परवा ओटो गेला वाटेने. बोलला नाही, पण गेला.

तुला जे लिहिलं ते चुकीचं होतं. त्यातला कायदा नव्हे, बाकीचं सगळं. आणि सुनावणीला तुझ्या शेजारी बसायला मी यायला हवं होतं. माझी दुसऱ्या दिवशी होती, पण ती पुढे ढकलून मागता आली असती. मी अर्ज केला नाही. कारण मला त्या दिवसाची ओढ लागली होती. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

नेव्हाकडे कशी जातेस?

आल्डन


हेरन कोव्ह
१८ ऑगस्ट

प्रिय आल्डन,

वाळूवरून जाते. कायदेशीर.

न्यायाधीशबाई म्हणाल्या ना, खरोखर मासे धरत असाल तर. म्हणून निकालाच्या तिसऱ्या दिवशी फर्नाल्डकडे गेले आणि म्हटलं, शिकवा. गळ कसा बांधायचा, दोर कसा फेकायचा, बाहेर काढलेल्या माशाकडे न बघता त्याला बादलीत कसं टाकायचं. पहिले दहा दिवस मी फक्त माझीच टोपी पकडली. जुलैत बांगडे आले. आता बहुतेक रोज चार-पाच मिळतात. उत्तम जागा कुठे आहे सांगू? स्टॅनविकच्या ओट्याच्या अगदी समोर. तिथे खडक आहे, त्यावर मी पाऊण तास उभी राहते, तिथेच मासे साफ करते, आणि मग नेव्हाकडे जाते. ती तळते, मी वाचते. तिच्या चेहऱ्यावर तेज आलंय. मला म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं रिकाम्या हाताने येत होतीस, लाज नाही वाटली?"

गंमत पुढेच. आतड्यांवर समुद्रपक्षी जमतात. चाळीस-पन्नास तरी, आणि ते स्टॅनविकच्या ओट्यावर बसतात. पक्षी पोट भरल्यावर जे करतात ते करतात. गेल्या सोमवारी तो खाली आला. डोक्यावर छत्री होती, पाऊस नव्हता.

म्हणाला, "मिसेस थर्लो, तुम्ही नुसत्या चालत का नाही?"

"कोर्टाचा हुकूम आहे," मी म्हटलं. "आम्ही कायदा पाळणारी माणसं." (हे ओटोचं. चोरलं.)

"मी परवानगी दिली तर?"

मग तो तिथेच खडकावर टेकला. बायको गेल्या वर्षी वारली, असं म्हणाला. हे घर तिने निवडलं होतं, फोटो बघून. इथे शांत असेल असं तिला वाटलं होतं.  मी दोन बांगडे वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळून दिले. कसे करायचे ते त्याला माहीत नव्हतं, तेही सांगितलं.

काल त्याने परवानगीचा कागद पाठवला. वकिलाकडून करून घेतलाय, सात कलमं आहेत. सोबत जोडलाय. नेव्हा म्हणते सही करून टाक आणि सुखाने चाल. पाद्रीसाहेबही तेच म्हणतात.

पण तुला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. वाच आणि सांग.

तुझी,
डोरा


(पोस्टकार्ड)
वेबर क्रॉसिंग
२२ ऑगस्ट

डोरा,

सही करू नकोस. चौथं कलम बघ : 'फक्त चालण्यासाठी'. यावर सही केलीस तर मासेमारीचा हक्क तू आपणहून सोडलास, असं उद्या कुणीही म्हणेल. सहावंही लबाड आहे, पण ते कार्डावर मावणार नाही. स्टॅनविकला सांग, वकील येतायत. मंगळवारी दुपारी पोचतो. तोवर गळ पाण्यातच ठेव.

आल्डन

डोरा, त्याने बॅगेत सहा कायद्याची पुस्तकं भरलीत आणि एकही मोजा नाही. बाकीचं मी भरतेय. — इ.